शुक्रवारचा गठ्ठा

“सही करा म्हणतेय ना मी!”

“नाही करणार. कशावर करू? शिळ्या पाकिटांवर?”

“शिळी कशानं होतील, साहेब? भाजी आहे का ती? एकतीस आहेत, मोजून घ्या.”

“एकतीस असोत नाहीतर एकतीसशे. काल संध्याकाळी पाचला पेटीला सील ठोकलं. साडेपाचला मोजणी, आठला निकाल. गाड्यांचे भोंगे ऐकले नाहीत तुम्ही?”

“ऐकले की. पण टपाली मतं तुम्ही शनिवारपर्यंत घेता.”

“मागच्या निवडणुकीला घेत होतो. या वेळी गुरुवार. महिन्यापूर्वी कागद पाठवलाय तुमच्या पोस्टात. माझ्या सहीनं!”

निवडणूक कचेरीच्या काचेला खालच्या बाजूनं एक अर्धगोल भोक होतं. पलीकडे कारकून, अलीकडे पोस्टातली बाई, आणि मधे, धड आत नाही धड बाहेर नाही, असा सुतळीनं बांधलेला पाकिटांचा गठ्ठा. बाईंनी तो आत ढकलला. कारकुनानं एका बोटानं बाहेर सरकवला. बाईंनी परत ढकलला. मागं रांगेत उभा असलेला माणूस म्हणाला, “अहो, तुमची ही ढकलाढकली संपली की मला फक्त एक फॉर्म हवाय.”

“थांबा हो!” दोघं एकदम ओरडले. तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत झालं.

कारकुनाला सगळं गाव सहीसाहेब म्हणायचं. माणूस नेमस्त, शर्ट कायम इस्त्रीचा, पण सही अशी की बघत राहावं. आधी एक मोठा वेलांटीसारखा फेरा, मग पोटात तीन वळणं, खाली दोन रेघा आणि शेवटी पेन उचलून, जरा लांबून नेम धरून दिलेलं टिंब. एका सहीला लागायचा तेवढ्या वेळात बाहेर एखाद्याची विडी ओढून व्हायची.

सहीसाहेबांनी नाइलाज झाल्यासारखा श्वास सोडला आणि गठ्ठा आत ओढला. सुतळी सोडली. पाकिटं एकेक करून पालथी केली.

“बघा. मागचा शिक्का बघा. शुक्रवार. शुक्रवार. हाही शुक्रवार. सगळीच्या सगळी आज आलीत.” चष्म्यावरून त्यांनी बाईंकडे पाहिलं. आवाज एकदम मऊ झाला. “म्हणजे वाटेतच रखडली. त्यात तुमचा काय दोष, माझा काय दोष? मी आपला शेरा मारतो, ‘उशिरा प्राप्त’. आजच आली ना ही?”

बाईंनी तोंड उघडलं. पण नुसताच पिशवीचा बंद सारखा केला.

सहीसाहेबांनी तेवढ्यालाच होकार धरला. एकतीस पाकिटं पत्र्याच्या डब्यात गेली, झाकण बसलं, आणि गठ्ठ्याखालचा पुठ्ठा नेहमीप्रमाणं भोकातून बाहेर आला. बाईंनी तो पिशवीत टाकला. जाता जाता विचारलं, “किती मतांनी पडले हो चित्रकलेचे मास्तर?”

“नऊ,” सहीसाहेब म्हणाले. आणि रांगेतल्या माणसाला, “हं, कुठला फॉर्म?”

*

बाईंचं गावातलं नाव गठ्ठाताई. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या पोस्टात बदली कामगार म्हणून चिकटल्या, त्या चिकटल्याच. छाननीचं टेबल, समोर भिंतीवर बेचाळीस कप्पे, आणि पत्र हातात आलं की डोळ्यांआधी हात कप्प्याकडे. अक्षरावरून माणूस ओळखायच्या. दात काढणाऱ्या डॉक्टरांचं अक्षर दातासारखंच वाकडं, शाळेच्या मुख्याध्यापिकांचं सरळ पण रागीट. आणि गठ्ठे बांधण्याचा असा नाद की घरीसुद्धा मोजे, चमचे, जुनी बिलं, नवऱ्याच्या मापं घ्यायच्या पट्ट्या, जे दिसेल ते सुतळीत. नवरा म्हणायचा, “मी जरा जास्त वेळ एका जागी बसलो की मला भीतीच वाटते.”

निवडणूक कचेरीचा शुक्रवारचा गठ्ठा मात्र नादापायी सुरू झाला नव्हता. त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा त्या कचेरीचं टपाल रोजच्या रोज जायचं, आणि प्रत्येक पाकिटामागं सहीसाहेबांची ती दोन रेघा नि टिंबाची सही. एक दिवस त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हात झटकत म्हणाले, “बाई, माझं मनगट गेलं. रोज कशाला येता? आठवड्याचं एकदम आणा, शुक्रवारी. गठ्ठ्याला एक सही. तुमचे हेलपाटे वाचतील, माझा हात वाचेल.”

कुठं लिहिलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही. दोन कामाच्या माणसांनी खिडकीच्या भोकातून ठरवलं आणि चालू झालं. पाकिटं येतील तशी गठ्ठाताई ती खालच्या खणात ठेवायच्या. शुक्रवारी सकाळी त्यांवर एकदम आल्याचा शिक्का मारायच्या, नवऱ्याच्या शिंपीकामातला, नव्या शर्टात घालायचा पुठ्ठा खाली घालायच्या आणि सुतळी आवळायच्या. एकदा सहीसाहेबांनी “एक कमी आहे” म्हणून अर्धा तास डोकं खाल्लं, तेव्हापासून त्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं हिशेब ठेवू लागल्या. सो, मं, बु, गु. वाराखाली पाकिटागणिक एक उभी रेघ. गठ्ठा देऊन झाला की खोडरबरानं पुसायचं, पुठ्ठा परत वापरायचा.

बारा वर्षांत दोन निवडणुका झाल्या. दोन्हींत बाहेरगावी कामाला गेलेल्यांची मतं याच वाटेनं गेली. शनिवारची मुदत, शुक्रवारचा गठ्ठा. एकही मत हुकलं नाही.

कचेरीतून पोस्टात परत येताना गठ्ठाताईंना पाय कुठं पडतायत ते कळत नव्हतं. आत शिरल्या आणि तडक दाराच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथं सूचनांचा फळा. दार उघडं असलं की फळा दाराआड जायचा, म्हणून तो कुणीच वाचायचं नाही. दार ओढून बंद केलं. फळ्यावर सगळ्यात वर एक कागद होता. ‘टपाली मतं स्वीकारण्याची अंतिम मुदत : गुरुवार, सायंकाळी पाच.’ खाली मोठा फेरा, तीन वळणं, दोन रेघा, टिंब.

कागदाच्या चारी कोपऱ्यांना डिंक नीट, काठापर्यंत लावलेला होता. असा डिंक या पोस्टात एकच माणूस लावतो. स्वतःच्या हातानं डकवला होता त्यांनी तो. कोपरे बघितले, कागद सरळ बसलाय का बघितलं. वाचला नव्हता.

“ताई, दार का लावलंय? बाहेर लोक खोळंबलेत!” तिकीट खिडकीवरची पोरगी ओरडली.

“उघडते, उघडते,” गठ्ठाताई म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या राहिल्या.

पुठ्ठ्यावरच्या रेघांची गोळाबेरीज त्यांना पाठ होती. सोमवारी बारा, मंगळवारी नऊ, बुधवारी सहा, गुरुवारी सकाळी चार. एकतीसही पाकिटं पाचाच्या आत त्यांच्या हातात होती. आणि सोमवारचं पहिलं पाकीट, गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं, भिंगरीचं होतं.

*

भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बापानं ठेवलेलं नाव. आता ती लांबच्या मोठ्या शहरात नर्स होती. तिथं ठरली होती पण रमली नव्हती. गावातलं छोटं इस्पितळ चालू राहिलं तर तिथं जागा निघणार होती. चित्रकलेच्या मास्तरांनी सांगितलं होतं, मी निवडून आलो तर इस्पितळ बंद पडू देणार नाही. समोरचा उमेदवार, बर्फाच्या कारखान्याचा मालक, म्हणाला होता, वीस खाटांसाठी एवढी इमारत कशाला अडवून ठेवायची? नऊ मतांनी निवडून आला होता तो.

भिंगरीनं ते मत टाकायला काय नाही केलं! दोन पाळ्या सलग करून सकाळी साक्षीदाराची सही घेतली, पोस्टाच्या रांगेत उभ्याउभ्या डुलकी काढली, मागच्या बाईच्या अंगावर पडता पडता राहिली. हे सगळं तिनं फोनवर हावभावांसकट सांगितलं होतं; फोनवरसुद्धा तिचे हावभाव दिसायचे. आणि सोमवारी ते पाकीट टेबलावर आलं तेव्हा गठ्ठाताईंनी क्षणभर ते दोन्ही हातांत धरलं. लेकीचं अक्षर. ‘क’च्या पोटात कायम टिंबाएवढी जागा. त्याच संध्याकाळी फोनवर म्हणाल्या होत्या, “पोचलं गं तुझं मत. मी स्वतः बघितलं.”

खोटं बोलल्या नव्हत्या. अडतीस वर्षं त्यांच्या लेखी पत्र त्यांच्या हातात आलं म्हणजे पोचलं.

त्या घरी आल्या तेव्हा नवरा मशीनवर पॅन्टची शिवण उसवत बसला होता. शिंपीकाम घरातच, पुढच्या खोलीत. टेपच्या माळा, खडूची भुकटी, आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या कंबरेची मापं तोंडपाठ. बायकोच्या चेहऱ्याकडं पाहून त्यानं मशीनवरचा पाय काढला.

“काय झालं?”

“कुठं काय?”

“पिशवी खांद्यावरच आहे अजून. आणि चप्पल घालून स्वयंपाकघरात चाललीस.”

चप्पल काढायला त्या वाकल्या आणि तेवढ्यात फोन वाजला. भिंगरी. नवऱ्यानं उचलला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

“बाबा! नऊ मतं! नऊ! अहो, आमच्या इस्पितळात आपल्या गावच्या तिघी आहोत. तिकडं बंदरावर काम करणारे सात-आठजण आहेत, सगळ्यांनी टाकलीत मतं. मग मास्तर कसे काय पडले? आई आहे का तिथं?”

“आहे.”

“आई, तू म्हणालीस पोचलं. पोचलं ना?”

“पोचलं होतं,” गठ्ठाताई म्हणाल्या.

“पोचलं *होतं* म्हणजे? मोजलं ना?”

टेबलावर पुठ्ठा होता. तो पिशवीतून केव्हा बाहेर आला, त्यांनाही सांगता आलं नसतं. शेजारी खोडरबर. शुक्रवारी पुठ्ठा घरी आणायचा, पुसायचा, नवऱ्याशी गप्पा मारायच्या, ही बारा वर्षांची सवय. डोकं फोनमध्ये होतं, हात आपल्या कामाला लागला. ‘सो’खालच्या पहिल्या रेघेवर खोडरबर फिरलं, एकदा, दोनदा, आणि रेघ गेली.

“आई?”

“अगं, ते... मोजणीचं मला काय माहीत? ते कचेरीचं काम.”

“तू विचार ना त्या सहीसाहेबांना! तुझी ओळख आहे. मास्तर तक्रार करणार आहेत म्हणे, चौकशी लावणार आहेत. आई, मी इथं खोली सोडायची नोटीस दिलीय. ऐकतेयस ना?”

गठ्ठाताई पुठ्ठ्याकडं बघत होत्या. रेघ होती तिथं करडा डाग राहिला होता. त्यांनी खोडरबर असं दूर फेकलं की ते टणकन उडून मशीनच्या पायाखाली गेलं.

फोन ठेवल्यावर नवरा मशीनवरून उठला. वाकून खोडरबर शोधलं, फुंकर मारून पुसलं आणि आपल्या खडूच्या डबीत टाकून झाकण लावलं.

“सांग आता.”

त्यांनी सांगितलं. कागद, डिंक, खण, रेघा. सगळं एका दमात, पत्त्याशिवाय आलेल्या पत्रासारखं, कुठूनही सुरू आणि कुठंही बंद. शेवटी म्हणाल्या, “शिक्का शुक्रवारचा आहे. कुणालाच कळणार नाही.”

“मग?”

“मग काय मग? तीन वर्षं राहिलीत माझ्या नोकरीची. काढून टाकतील. पेन्शन अडवतील. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गठ्ठाताईंनी मतांचाच गठ्ठा केला म्हणतील!”

“ते तर म्हणतीलच,” नवरा म्हणाला. “गाव आहे. इतकं आयतं हातात आलेलं सोडेल का?”

“तुम्हाला हसू येतंय?”

“नाही गं. भीती वाटतेय.” त्यानं उसवायची पॅन्ट मांडीवर घेतली, पण दोरा धरला नाही. “गिऱ्हाइकाचं कापड मी चुकीचं कापलं तर त्याला सांगतो. शिव्या खातो. पण माझ्या कापडात नोकरी जात नाही. मी काय सांगू तुला?”

त्या रात्री गठ्ठाताईंनी स्वयंपाकघरातले सगळे गठ्ठे सोडले. सकाळी नवऱ्याला चमचे मोज्यांच्या खणात सापडले.

*

सोमवारी मास्तरांची तक्रार गेली. मंगळवारी वरच्या कचेरीतून चौकशी अधिकारी आल्या, आणि कचेरीच्या वरच्या मजल्यावर बसल्या. बुधवारी दहाला गठ्ठाताईंना बोलावणं होतं.

मंगळवारी दुपारी टपालाची पिशवी रिकामी करताना त्यांना दारात सहीसाहेब दिसले. बारा वर्षांत हा माणूस पोस्टात आला नव्हता. खिडकीच्या काचेमागं नसलेला तो त्यांना एकदम बुटका वाटला.

“पाणी मिळेल का?” ते म्हणाले.

पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवला. परत उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला.

“बाई, त्या उद्या एकच विचारणार. पाकिटं कधी आली? शिक्का शुक्रवारचा आहे. तुम्ही म्हणायचं शुक्रवारी. विषय मिटला.”

“आणि एकतीस माणसांचं?”

“नियम वाचलाय मी. पोस्टात वेळेत आलेलं पाकीट कुणाच्या चुकीनं अडकलं, तर चौकशीनंतर मोजता येतं. पण वेळेत आल्याची नोंद दाखवावी लागते. नोंद कुठंय? शिक्का तर शुक्रवारचा. म्हणजे तुम्ही खरं बोललात तरी मोजतीलच असं नाही. तुमची नोकरी मात्र नक्की जाईल.”

“नोंद आहे,” गठ्ठाताई म्हणाल्या.

सहीसाहेबांच्या कपाळावर घाम होता, तो आता दिसला. “तो पुठ्ठा? पुसला नाहीत तुम्ही?”

“तुम्हाला काय माहीत मी पुसते ते?”

“बारा वर्षं बघतोय. दर शुक्रवारी जुन्या रेघांचे डाग असतात त्यावर.” मग आवाज आणखी खाली आला. “बाई, माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत. दोन. घरात आजारी माणूस आहे. मी काय म्हटलं होतं तुम्हाला? टपाल एकदम आणा म्हटलं होतं. मतं अडवून ठेवा म्हटलं होतं का?”

“मतं वेगळी आणा, असंही नव्हतं म्हटलं.”

“कागद पाठवला होता!”

“तो मी न वाचता डकवला,” गठ्ठाताई म्हणाल्या. “तो माझा गुन्हा. पण सोमवारपासून गुरुवारपर्यंत तुमच्याकडं टपाली मताचं एक पाकीट आलं नाही. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, बाईला फोन करावा?”

सहीसाहेबांनी रिकामा ग्लास पुन्हा उचलला. तिकीट खिडकीवरची पोरगी कान देऊन ऐकत होती. दोघांनी एकदम तिच्याकडं पाहिलं तशी ती खोटंखोटं खोकली.

“खोडरबर असेल ना घरी?” जाताना ते हळूच म्हणाले. त्यात धमकी नव्हती. विनवणी होती, आणि तीच गठ्ठाताईंना जास्त बोचली.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याकडं खडूची डबी मागितली. तो मान वर न करता म्हणाला, “कुठं ठेवली कोण जाणे.” डबी त्याच्या डाव्या हाताखाली होती. दोघांनाही दिसत होती.

*

बुधवारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. टेबलामागं चौकशी अधिकारी, चाळिशीच्या बाई, सर्दीनं नाक लाल झालेलं. एका बाजूला सहीसाहेब, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. टेबलावर पत्र्याचा डबा आणि त्यातून काढून ठेवलेली एकतीस पाकिटं. सगळ्यात वर तो टिंबाएवढ्या पोटाचा ‘क’.

“बसा ताई. दोनच मिनिटं.” अधिकारी बाईंनी रुमालात नाक पुसलं. “ही पाकिटं तुमच्या पोस्टात कधी आली?”

सहीसाहेब छताकडं बघत होते. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवली, थांबली, परत वाजवली.

“ताई?”

“सोमवारी बारा,” गठ्ठाताई म्हणाल्या. आवाज फाटला, त्यांनी खाकरून तो सरळ केला. “मंगळवारी नऊ. बुधवारी सहा. गुरुवारी सकाळी दहाच्या टपालात चार.”

पेन थांबलं. “शिक्का शुक्रवारचा आहे.”

“शिक्का मी शुक्रवारी मारला. शुक्रवारी एकदमच मारते. गठ्ठा करून देते. बारा वर्षं.”

“कुणी सांगितलं असं करायला?”

गठ्ठाताईंनी पिशवीतून पुठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. “आधी हे बघा. मग ते.”

अधिकारी बाईंनी पुठ्ठा खिडकीच्या उजेडात धरला. पेनाच्या टोकानं रेघा मोजल्या, ओठ हलवत. मग परत मोजल्या.

“तीसच आहेत.”

“एकतीस होत्या. ती पहिली... तिथं डाग आहे बघा. ती मी पुसली.”

“का?”

“सवयीनं. शुक्रवारी घरी जाऊन पुसायची सवय. एक पुसल्यावर माझ्या ध्यानात आलं.”

“ही रेघ कुठल्या पाकिटाची?”

“वरच्याच.” बोट दाखवलं, पण पाकिटाला हात लावला नाही. “माझ्या मुलीचं आहे. सोमवारी सगळ्यात आधी तेच आलं.”

अधिकारी बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच गठ्ठाताईंकडं नीट बघितलं.

“ताई, तुम्हाला कल्पना आहे ना? या रेघा मी पुरावा म्हणून धरल्या तर तीस धरीन. पुसलेली कशी धरू? लोक म्हणतील, आईनं लेकीसाठी रेघ काढली.”

“पुसली म्हणतील की काढली म्हणतील?”

“दोन्ही म्हणतील.”

“म्हणू देत,” गठ्ठाताई म्हणाल्या. मांडीवरचे हात त्यांनी एकात एक गुंतवून घट्ट धरले. “तीस तरी धरा.”

“ते इतकं सोपं नाही. पुठ्ठा तुमचा, रेघा तुमच्या, पेन्सिल तुमची. कालही काढता आल्या असत्या. उद्या समोरची बाजू हेच विचारेल. माझ्याकडं दुसऱ्या कुणाचा तरी शब्द पाहिजे, की अशी पद्धत होती. गठ्ठा शुक्रवारीच यायचा. आणि दर वेळी त्याखाली असाच पुठ्ठा असायचा.” त्यांनी खुर्ची वळवली. “साहेब, पलीकडच्या टोकाला तुम्हीच होतात. ही पद्धत होती का?”

सहीसाहेब छताकडून खाली आले. आधी पुठ्ठ्याकडं बघितलं, मग पाकिटांकडं. गठ्ठाताईंकडं बघणं टाळलं, पण टाळताना त्यांची मान वेडीवाकडी झाली.

“सुरू कुणी केली, ते मी आज विचारत नाही,” अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांनी एका कागदावर चार ओळी खरडल्या आणि तो टेबलावरून सरकवला. “फक्त होती एवढंच लिहिलंय. खाली तुमची सही हवी.”

कागद सहीसाहेबांसमोर आला. त्यांनी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं. मनगट टेबलावर टेकवलं. गठ्ठाताईंना तो हात पाठ होता. आता आधी मोठा फेरा येणार, मग पोटात तीन वळणं.

पेनाचं टोक कागदाच्या वर, बोटभर अंतरावर, तसंच राहिलं.

“साहेब,” गठ्ठाताई म्हणाल्या, “एकच सही आहे. बारा वर्षांत मी तुमच्या किती वाचवल्या, मोजा.”

खाली सायकलवाल्यानं पुन्हा घंटा वाजवली.

“साहेब, मी विचारतेय,” अधिकारी बाई म्हणाल्या. “होती की नव्हती?”

सहीसाहेबांनी टोपण लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून परत लावलं. कागद बिनसहीचाच सोडून पेन खिशाला अडकवलं, खुर्ची आवाज न करता मागं सारली, आणि दाराशी जाऊन एकदा कडीकडं, एकदा आपल्या हाताकडं बघितलं. मग दार उघडून ते जिना उतरू लागले.